काशिरामभाऊंची चार पापलेटं

...आणि वर हेच लोक मला विचारतात, ‘पण आपटेकर, त्यांनी दिली कशाला?’ दिली कशाला म्हणजे काय, तुम्हाला सांगतो, चार पापलेटं हो, फक्त चार, तीसुद्धा मध्यम, त्याच्यावरून पनवेलशेजारच्या अख्ख्या करंजाड्यात एवढा बोभाटा, की तो माणूस सहा आठवडे झाले घराबाहेर पडत नाही, दूध आणायलासुद्धा सुनेला पाठवतो, आणि ज्यांनी सात वर्षं त्याची मासळी फुकट चापली ते गेटवर उभं राहून नीतिमत्ता शिकवतायत. त्यात मीही आलो. सोसायटीचा सेक्रेटरी ना मी, मी तर पहिला आलो.

आमचे काशिरामभाऊ तुम्हाला माहीत नाहीत. मूळ मोऱ्याच्या कोळीवाड्यातले, जातिवंत कोळी, तीस वर्षं बंदरात नोकरी केली, रिटायर झाले आणि मुलाने घेतलेल्या फ्लॅटमध्ये आमच्या पाचव्या मजल्यावर आले. घर सोडलं, पण समुद्र काही सुटला नाही. भावाची होडी अजून आहे, होडी लागली की हे पहाटे मोऱ्याला हजर, दहा वाजता परत, आणि मग पाचव्या मजल्यापासून खाली एकेक बेल वाजत येणार. वॉचमनला बोंबील, दुसऱ्या मजल्यावरच्या शोभाताईंना कोळंबी, आणि मला मांदेली. मला कोळंबी कधीच नाही. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे इथलेच ज्यू, खवलं नसलेली मासळी खात नाही, हे मी त्यांना एकदाच सांगितलं होतं, सात वर्षांपूर्वी, जिन्यात, तेही घाईत. त्या माणसाने ते लक्षात ठेवलं. माझ्या सख्ख्या मेव्हण्याच्या लक्षात राहत नाही हो.

याला आपल्याकडे वानवळा म्हणतात. झाडाला पहिले फणस लागले, होडीला ताजी मासळी लागली, की शेजारी थोडं द्यायचं. घेणाऱ्याने ‘कशाला त्रास घेतलात’ म्हणायचं आणि घ्यायचं. संपला विषय. काशिरामभाऊंना आयुष्यात देणं म्हणजे एवढंच ठाऊक.

आता गटार. गेल्या पावसाळ्यात कृष्णाबाई, म्हणजे त्यांच्या मंडळी, आमच्या गेटसमोर गटारात पडल्या. झाकण नव्हतं, वर पाणी, कळणार कसं? पाय घोट्यात मोडला, दोन ऑपरेशनं झाली, आणि जी बाई साठीतसुद्धा डोक्यावर पाटी घेऊन बाजाराला जात होती ती आता वॉकर धरून बाथरूमपर्यंत जाते. काशिरामभाऊंनी माहितीच्या अधिकारात अर्ज टाकला. उत्तर काय आलं असेल? ‘सदर गटाराचे काम पूर्ण असून सर्व झाकणे बसविण्यात आलेली आहेत.’ तीन वर्षांपूर्वी! बिलंसुद्धा निघालेली. भाऊ तो कागद घेऊन माझ्याकडे आले, म्हणाले, “आपटेकर, कागदावं झाकान हाय, मंग माजी बायको पडली कशात?” मी म्हटलं, भाऊ, आता गप्प बसायचं नाही.

मी म्हटलं, बरं का. लक्षात ठेवा.

मग समिती झाली. आमच्या बी विंगमधली मिताली, वकिलीचं शेवटचं वर्ष, पोरगी हुशार, तिने सगळं हातात घेतलं. बोर्ड, पत्रकं, ग्रुप, मागणी एकच: गटाराच्या कामाची चौकशी करा आणि झाकणं बसवा. मैदानात एक दिवसाचं धरणं धरायचं ठरलं. आता मैदान कुणाचं? ज्यांनी गटाराची बिलं काढली त्याच ऑफिसचं! ऑफिसचं नाव मी घेत नाही, मला इथेच राहायचंय. म्हणजे ज्यांच्या विरोधात बसायचं त्यांच्याकडूनच बसायची परवानगी घ्यायची, याला लोकशाही म्हणतात. अर्जावर सही काशिरामभाऊंची, कारण बायको त्यांची पडलेली, आणि खेपाही त्यांच्याच, कारण आम्हा बाकीच्यांना कामं असतात.

तिथे टेबलावर एक प्रितेश नावाचा क्लार्क. गोड मुलगा, हो, अगदी गोड. पहिल्या खेपेला म्हणाला, “काका, साहेब मीटिंगमध्ये.” दुसऱ्या खेपेला, “काका, साहेब साइटवर.” तिसऱ्या खेपेला, “काका, अर्ज वरती आहे.” वरती म्हणजे कुठे, त्या इमारतीला वरचा मजलाच नाही. चौथ्या खेपेला अर्जावरचं मूळ गाव वाचून म्हणाला, “काका, तुम्ही मोऱ्याचे? अरे वा. आमच्या आईला ना, पनवेलच्या मार्केटातलं पापलेट चालतच नाही, म्हणते त्याला बर्फाचा वास येतो.” बस. एवढंच बोलला. मागितलं का त्याने? नाही. पण कोळ्याच्या समोर कुणी म्हणालं की आईला ताजी मासळी मिळत नाही, तर कोळी काय करेल? तुम्हीच सांगा.

दुसऱ्या दिवशी भाऊ गेले. घरी फ्रीजमध्ये चार पापलेटं ठेवलेली होती, गव्हाणहून त्यांची लेक किशोरी जेवायला येणार म्हणून. पिशवीत घातली आणि दिली. चार पापलेटं हो, फक्त चार. आणि संध्याकाळी परवानगी हातात! मैदानाची, मांडवाची, वर लाउडस्पीकरची, जी आम्ही मागितलीसुद्धा नव्हती. भाऊ खूश. मला म्हणाले, “पोरगा चांगला हाय, आपटेकर. मेहनतीचा हाय.” मीही म्हटलं, चांगला आहे. मला काय ठाऊक नव्हतं का? कागद एका दिवसात खाली कसा आला, हे मी विचारलं नाही. तुम्हाला सांगतो, विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं ना.

धरण्याच्या दिवशी दोनशे माणसं जमली, करंजाड्यात दोनशे म्हणजे खूप. पुढे प्लास्टिकच्या खुर्चीवर कृष्णाबाई, पाय स्टुलावर. भाषणं झाली. मग मितालीने शपथ काढली, तिने स्वतः लिहिलेली, आणि माइक दिला काशिरामभाऊंच्या हातात. ते एकेक ओळ वाचणार, आम्ही हात पुढे करून मागून म्हणणार. “मी शपथ घेतो की.” आम्ही, “मी शपथ घेतो की.” “कुठल्याही सरकारी कामासाठी.” “कुठल्याही सरकारी कामासाठी.” “मी लाच देणार नाय, घेणार नाय.” आवाज काय लागला होता त्यांचा! “मग ती पैशाच्या रूपात असो.” आम्ही म्हटलं. “वस्तूच्या रूपात असो.” म्हटलं. “किंवा खाद्य...”

आणि थांबले.

आम्ही हात पुढे करून उभे. ते कागदाकडे बघतायत. मागे कुणीतरी हळूच म्हणालं, “बायकोच्या आठवणीने भरून आलं बिचाऱ्याला.” अहो, बायको समोर बसलेली होती! पण लोकांनी टाळ्या वाजवल्या. मीसुद्धा वाजवल्या. भाऊंचा चेहरा मी पाहिला तेव्हा, हळद लावल्यासारखा पिवळा. पुढची ओळ त्यांनी वाचलीच नाही, मितालीने मागून वाचली, “खाद्यपदार्थांच्या रूपात असो, कारण देणाराही घेणाऱ्याइतकाच दोषी आहे.” दोनशे माणसं एका सुरात म्हणाली. भाऊ ओठ हलवत राहिले.

इथे थांबलं असतं तरी चाललं असतं. पण निवेदन घ्यायला ऑफिसातून माणूस यायचा होता. साहेब कशाला येतील, त्यांनी पाठवलं कुणाला? प्रितेशला! आला, शर्ट खोचलेला, हसतमुख, सरळ काशिरामभाऊंपाशी गेला, वाकून पाया पडला, आणि माइक भाऊंच्या हातात, चालू! तो म्हणतो, आणि चारही भोंग्यांमधून आवाज, “काका, आईने खास सांगितलंय, पापलेटं एक नंबर होती. आणि परवानगीत काही अडचण नाही ना आली?”

लाउडस्पीकरची परवानगी होती ना, सगळ्या सेक्टरला ऐकू गेलं.

मिताली बघतेय, मी चपलेचा अंगठा नीट करतोय, शोभाताई आकाशात काहीतरी शोधतायत. प्रितेश निवेदन घेऊन केव्हा गेला कळलंच नाही. आणि तेवढ्यात कृष्णाबाई, खुर्चीतून, अगदी साध्या आवाजात म्हणाल्या, “तुमी तं बोललात, पापलेटं मांजर घेऊन गेली.”

आता बोला. पाचव्या मजल्यावर मांजर! बंद फ्रीज उघडून! किशोरीला त्या दिवशी अंड्याचं कालवण वाढलं होतं. तिथे हसू फुटलं आणि सगळा मांडव हसायला लागला, पण मी भाऊंकडे बघत होतो. ते माइकमध्ये म्हणाले, “वानोला व्हता.” मग, कुणी विचारलेलं नसताना, स्वतःशीच म्हणाले, “वानोला व्हता तं मी बायकोपासून लपवला कशाला?” तेही ऐकू गेलं सगळ्यांना. माइक खुर्चीवर ठेवला आणि कृष्णाबाईंना तिथेच सोडून चालायला लागले, मग आठवण झाली, परत आले, वॉकर उघडून दिला, आणि ती दोघं भर उन्हात, एकेक पाऊल, गेटपर्यंत. मदतीला कुणी उठलं नाही. मीही नाही. लोक बघत होते ना.

व्हिडिओ तासाभरात पनवेलभर. ‘भ्रष्टाचारविरोधी आंदोलन पापलेटवर’, वर मासळीची चित्रं. समितीतले निम्मे ग्रुप सोडून गेले, मिताली परीक्षेला लागली, आणि गटाराची चौकशी कुणी मागेना, कारण मागायला गेलं की समोरचा विचारतो, आज काय आणलंय? तीन वर्षांचं गटार कुणी खाल्लं ते राहिलं बाजूला. चार पापलेटं कुणी दिली, ते मात्र लहान पोरालाही पाठ.

पण एक झालं. दहाव्या दिवशी माणसं आली आणि आमच्या गेटसमोर झाकणं बसवून गेली. किती? चार. पुढे सगळं गटार तसंच उघडं. पुढच्या सोसायटीवाले आम्हाला विचारतात, “तुम्ही काय दिलंत?”

तेव्हापासून काशिरामभाऊंनी वानवळा बंद केला. होडी लागते, ते जात नाहीत. वॉचमनने एकदा वर जाऊन विचारलं, “भाऊ, बोंबील?” तर म्हणाले, “तू माजी गाडी धुतोस ना, नको.” सात वर्षांत कुणाला काय दिलं आणि त्याने आपलं काय केलं, हेच त्यांच्या डोक्यात फिरतं, असं सून सांगते. ज्या माणसाला देणं सोडून दुसरं काही येत नव्हतं, त्याला आता कुणाला काही द्यायचीच भीती वाटते. आणि आम्हाला, खरं सांगतो, मांदेली नाही म्हणून चुकल्यासारखं होतं. माणूस दिसत नाही म्हणून नंतर.

गेल्या आठवड्यात आमच्याकडे मलिदा होता. आमच्यात एलियाहू हन्नाबी या प्रेषिताच्या नावाने करतात, पोहे, ओलं खोबरं, गूळ, फळं, आणि प्रसाद म्हणून सगळ्यांना द्यायचा. शुलामिथ, आमची बायको, म्हणाली, “पाचव्या मजल्यावर नेऊन द्या, बरं वाटेल त्यांना.” मी म्हटलं, नेतो. ताट भरलं, वरून रुमाल घातला, बेल वाजवली.

भाऊंनीच दार उघडलं. दाढी वाढलेली. रुमाल बाजूला करून ताटाकडे बघितलं, मग माझ्याकडे बघितलं, आणि अगदी हळू, जराही राग नाही हो आवाजात, विचारलं, “काय काम हाय?”

मी म्हटलं, छे छे, काम कसलं भाऊ, प्रसाद आहे, देवाचा आहे.

आता तुमच्यापासून काय लपवायचं... सोसायटीच्या वाढीव नळजोडणीचा अर्ज चार महिने त्याच ऑफिसात पडलाय, प्रितेशच्या टेबलावर, आणि भाऊंचा शब्द तो मोडत नाही.