मुसळ्या खडक

(रेवदंडा, १९६३. मनुबाई अंगणात जवळा वाळत घालते आहे. मुंबईच्या प्रयोगशाळेत काम करणारा तिचा धाकटा भाऊ अंबाजी ओटीवर बसला आहे.)

— म्हणजे उद्या शाळेत सत्कार, नि आज तू सांगतोस तुझा कण न्हायच?

— नाहीच असं नाही, आक्का. आहे असं म्हणवत नाही.

— ह्ये कसलं बोलणं! सहा वर्सं त्या फोटूंवर डोळे फोडलेस. मी गावभर सांगून बसले, भावानं नवा कण काढला म्हणून.

— आलेखात उंचवटा येतो, खरं आहे. पण येतो कुठे? कणांच्या टकरीचा जोर वाढवत नेला की एका ठिकाणापासून दोन जुनेच कण जोडीने निघायला लागतात. नेमका तिथेच. नवं कुणी नसलं तरी तिथे आकडा चढतोच.

— नि खरा असता तर?

— तर दुसऱ्या तऱ्हेच्या टकरींतही त्याच वजनाला दिसला असता. चार महिने शोधतोय. नाही दिसला.

— सायब काय म्हनतात?

— म्हणतात, छापून टाकू, पुढचं पुढे. दमलो गं मी. वाटतं, करावी त्या लेखावर सही आणि सुटावं.

— खाडीच्या तोंडाला मुसळ्या खडक हाय, ठावं हाय ना?

— न ठाऊक असायला काय झालं? पाणी उसळतं तिथे. नारळीपुनवेला नारळ देतात.

— आपला बापूस तीन वर्सं अवसेच्या ओहोटीला तिथं बांबू घेऊन जायचा. तू पाळण्यात. बांबू जाईल तिथं वाळूच. खाडीचं पाणी दर्याला भिडतं म्हणून उसळतं, खडकबिडक काय न्हाय.

— मला कधी कुणी बोललं नाही!

— कोण बोलनार? बापूस देवळात बोलला नि लोक खवळले. दोन शिमगे पालखी आपल्या दारी थांबली न्हाय. आये रडून रडून अर्धी झाली.

— आणि होड्या?

— आजबी वळसाच घालतात.

— मग मिळवलं काय बाबांनी? मी नाही म्हटलं, तर पुढच्या कामातून माझंही नाव कापतील.

— कापतील. मला वाईट वाटंल, खोटं कशाला बोलू? पण सही करू नको. मास्तरांना सत्काराचं मी सांगते. मिरवले मीच ना?

— आक्का, बाबांनी नंतर कधी वळसा घातला?

— एकदाबी न्हाय. पयल्या खेपेला मी व्हते होडीत. डोळे गच्च मिटून बसले व्हते, बापसाचा सदरा धरून.