ओडेलच्या कार्डावरचा शिक्का

नाही ना मावशी, हिला आत नेता येत नाही, म्हणून तर इथे बाकावर बसलेय—माझी झडती झाली, कानातलं काढून घेतलं, सगळं झालं, पण पोर म्हटलं की तो खिडकीतला साहेब माझ्या नवऱ्याचं, ओडेलचं कार्ड बघतो नि मान हलवतो. शिक्का आहे ना कार्डावर! लैंगिक गुन्हेगार, धोका जास्त. आता माझा नवरा आत आहे तो कशासाठी? बंद दुकान फोडून तांब्याच्या तारा काढल्या म्हणून. सात वर्षं दिली, ते आम्ही कबूल केलंय, त्याचं काही म्हणणं नाही. मग हा शिक्का कुठला? सांगते. आमच्या लग्नाआधी एका मुलीनं त्याच्यावर तक्रार केली होती. खटला उभाच राहिला नाही, ती आईबरोबर टेक्ससला निघून गेली, मिटलं. पण कागद मिटतो होय? इथल्या तुरुंगाच्या कचेरीतल्या बाईनं फाईल उघडली, कागद दिसला, मारला शिक्का—ना विचारलं, ना बोलावलं. ही जूनी चार वर्षांची झाली, बापानं अजून तिला हात लावलेला नाही. हिला वाटतं, बाप म्हणजे फोटो.

शेंगा खा ना, उकडलेल्याच आहेत. सालं खाली टाकू नका, तो साहेब ओरडतो.

तर ओडेलनं काय केलं—वकील नाही काही नाही—तुरुंगाच्या लायब्ररीत बसून हातानं अर्ज लिहिला. आतले कैदी हसायचे, त्यालाच चिडवायचे, काय जजसाहेब, कागद ठेवा जपून! पण कोर्टातले खरे जज म्हणाले, बरोबर आहे ह्याचं. असा शिक्का मारायचा तर आधी माणसाला कळवा, पुरावा दाखवा, त्याचे साक्षीदार ऐका. ती सुनावणी आज आहे. आतमध्ये, तुरुंगाच्या तिघा साहेबांपुढे. साक्षीदार मी. वकीलबाई मिळाली शेवटी, ती म्हणाली, एकच प्रश्न विचारीन—सुटून आल्यावर पोरीला ह्याच्याजवळ एकटी ठेवशील का? हो म्हणायचं. बास. मी भांडी घासताना म्हणून बघते, हो, हो, ठेवीन.

पण माझ्या हातून एक चूक झालीय मावशी. इथे तो शिक्का असलेल्यांसाठी एक वर्ग असतो. वर्ग पुरा केला की पोरांना भेटू देतात. आणि वर्गात बसायचं तर आपण काय केलं ते आधी लिहून द्यायचं. ओडेल म्हणाला, केलंच नाही तर लिहू काय? मीच म्हटलं, लिही रे, कागदच तर आहे, जूनीला मांडीवर घेशील! त्यानं लिहिलं, परत आलं—म्हणे पश्चात्ताप दिसत नाही. असं तीनदा. चौथ्यांदा पास झालं. तोच कागद आता इथल्या लोकांनी पुरावा म्हणून पुढे केलाय. आणि जजनं सांगितलं ना, पुरावा दाखवा, म्हणून त्याची नक्कल आमच्या घरी आली. मी वाचली.

वाचायला नको होती.

हा माणूस मला पत्र लिहितो ते दोन ओळींचं—बरा आहे, जूनीला पापा. आणि तिथे चार पानं! टीव्ही चालू होता, ती मुलगी भिंतीकडे तोंड करून होती, स्वयंपाकघरातला नळ गळत होता नि नंतर ह्यानं उठून तो बंद केला. नळ बंद केला—असलं कोणी मनचं लिहितं का? आमच्या घरचा नळ गळायचा, तोच घातला असेल. तोच असेल ना? तीनदा परत आल्यावर माणूस काहीही रचेल. मी त्याला विचारलं नाही. मागच्या भेटीला काचेपलीकडे बसला होता, म्हटलं विचारू, आणि हवापाण्याचं बोलून आले. लिही असं मीच म्हटलेलं, आता कुठल्या तोंडानं विचारू?

अगं बाई, बोलावलं! टॉलिव्हर—मीच, साहेब, आले, आले! मावशी, एवढं करा, हिला बघता अर्धा तास? शहाणी आहे, रडत नाही. जा गं जूनी, बस मावशीजवळ. बघा, कशी चढली मांडीवर! नाव तरी काय तुमचं? विचारलंसुद्धा नाही मी, आणि पोर दिली—

काही नाही. नाही हो, काही झालं नाही, तो वकीलबाईचा प्रश्न आठवला. येते ना साहेब, एक मिनिट.

नका बघू माझ्याकडे असं. शेंगा सोलून द्या तिला.