दामूकाकाची पाटी

आमच्या किन्हवलीच्या दामूकाकाचं डोकं कसं चालतं, सांगतो. भात काढलं की तो शेतात वाल लावतो, आणि येणारा-जाणारा शेंगा तोडून खातो. म्हणून यंदा त्यानं बांधावर पाटी ठोकली, ‘जालीम औषध मारलंय, शेंगा खाऊ नये.’ मारलं काहीच नव्हतं. पण त्या बाजूला कोणी फिरकेना, काका खूश!

मग मुरबाडहून पाहुणे आले, त्याच्या पोरीला बघायला. काकीनं जेवायला त्याच शेंगांची भाजी केली. भाजीला कोणी हातच लावीना. शेवटी मुलाची आई म्हणाली, “येताना पाटी वाचली हो आमी.”

काकाला घाम फुटला. धावत शेतात गेला, ओंजळभर शेंगा घेऊन आला आणि सगळ्यांसमोर एक सोलली. आतून गुबगुबीत हिरवी अळी वळवळत बाहेर आली.

“ही बघा, जिती हाय! औषध मारलं असतं तर जगली असती का?” काकानं दुसरी सोलली. “ही पण जिती!”

पाहुण्यांनी ताटंच मागं सारली. मुलाची आई म्हणाली, “पोरगी पसंत हाय आमाला. फक्त लग्नाचं जेवण आमच्याकडं.”