डावीकडची पिन

समोर विचारून आलात ना? — लाजू नका, इथून सगळं दिसतं. दशरथच्या शेडमध्ये गेलात, त्याने जीपखाली डोकं घातलं आणि म्हणाला, 'करून देतो ना जी.' म्हणणारच. अकरा वर्षं माझ्याकडे होता तो. यवतमाळहून आला तेव्हा पाना कसा धरायचा ते ठाऊक नव्हतं, सगळं इथे शिकला — मराठी सोडून. बसा. तिथे नको, त्या टायरवर बसा, खुर्ची गिऱ्हाइकांसाठी आहे, तुम्ही अजून चौकशीला आलेले आहात.

तर आपल्याला जाड स्वे बार हवाय. रोज हिंजवडी आणि रविवारी डोंगर. वा! सहा दिवस कंप्युटरसमोर बसायचं आणि सातव्या दिवशी शूर व्हायचं — पगार वाढले की हे असं होतं. स्वे बार म्हणजे काय, माहीत आहे? इंटरनेटवर वाचलंय, हो, सगळ्यांनीच वाचलेलं असतं. दांडा आहे हो तो, लोखंडी दांडा, डावं-उजवं चाक एकमेकांना बांधून ठेवतो, म्हणून वळणावर जीप कलंडत नाही. जाड घातला की डांबरावर झकास. पण दगडधोंड्यांत चाकं मोकळी लागतात, एक वर, एक खाली — म्हणून दोन्ही टोकांना पिना. डोंगरावर काढायच्या, डांबरावर यायच्या आत घालायच्या. एकच घातली तर? तर काही नाही, दांडा असून नसल्यासारखा.

आता तुमच्या भल्याचं सांगतो. संतोष म्हणून होता एक, कर्वेनगरचा, तुमच्यासारखाच, गळ्यात कंपनीचा पट्टा. त्याच्या जीपला हा बार दशरथनेच बसवला. सोमवारी सकाळी साहेब ऑफिसला निघाले, पुलाच्या उतारावर स्कूटर आडवी आली, यांनी स्टिअरिंग फिरवलं — आणि जीप कुशीवर. डावी पिन घातलेलीच नव्हती. कमरेखाली आता काही हलत नाही त्याचं. घरूनच काम करतो — बरंच की, ट्रॅफिक वाचलं. असं बघू नका माझ्याकडे, ती पिन काय मी — सांगायचा मुद्दा वेगळा आहे. अशा माणसाच्या हातात तुम्ही गाडी देणार का? मी हे सगळ्यांना सांगतो. गेल्या महिन्यात चार जण त्याच्याकडे निघाले होते, चौघांना सांगितलं, चौघेही फिरले. दशरथची बायको, हिरा, आता सोसायट्यांमधून पोळ्या लाटत फिरते. लाटू दे. शेड टाकताना विचारलं होतं का मला? दिवाळीपर्यंत पत्रे उतरवतो की नाही बघा.

काय म्हणालात? काळजीने काम करणारा वाटला? अहो, सोंग आहे ते! तुम्हाला दाखवलं असेलच — पिन घातली की तिच्यावर पिवळ्या रंगाची रेघ ओढायची, मग गिऱ्हाइकाचा हात धरून पिनेवर ठेवायचा, 'ओढून पाहा जी, हलली तर माझा हात तोडा.' इस्त्रीच्या शर्टातली माणसं, त्यांचे हात ग्रीसने काळे! मी कधी केले नाहीत असले चाळे. दोन मिनिटांचं काम. त्या रविवारी तर संतोष संध्याकाळी डोंगरावरून आला, पिना माझ्या हातावर ठेवल्या, म्हणाला घालून ठेवा, सकाळी नेतो, आणि रिक्षाने गेला. इकडे आमच्या ललिताबाई पैठणी नेसून दारात, माहेरचं रिसेप्शन, उशीर झाला, उशीर झाला — डोक्याला ताप नुसता. उजवी घातली. डावीकडे इतका चिखल की भोकच सापडेना, म्हटलं उद्या बघू, कुठे पळून चाललीय — आणि तो पठ्ठ्या सकाळी आठलाच वॉचमनकडून किल्ली घेऊन —

दशरथ म्हणाला हे. दशरथ सांगत होता.

नाही, नव्हता इथे. वडिलांचं तेरावं होतं, गावी गेला होता. बरं मग? जॉब कार्डावर सही त्याचीच आहे. निघताना दहा कोऱ्या कार्डांवर सह्या करून ठेवल्या होत्या त्याने, आपल्यावाचून मालकांचं काम अडू नये म्हणून — मूर्ख! संतोषच्या घरचे आले, मी कार्ड दाखवलं. कोणीही तेच केलं असतं. डोक्याचं मुंडण, हातात पिशवी, असा परत आला तेव्हा फाटकातच सांगितलं मी त्याला, आत येऊ नकोस, तुझ्या हातून माणूस लुळा झाला. रडला नाही की भांडला नाही. एवढंच विचारलं, 'रेघ होती का जी?' नव्हती म्हटलं. खोटं नाही बोललो.

उठलात? उठा. जा, सांगा त्याला. काय नवीन सांगणार? त्याला त्या दिवसापासून सगळं माहीत आहे. तरी शेडच्या पूजेचं आमंत्रण घेऊन तो आधी इथे आला, मला मालक म्हणाला, पाया पडला. अशा माणसाचं काय वाकडं — जीप काढा इथून. दुसरं काम आहे मला.