बांध फुटू दे ना!

आमच्या प्रसादच्या बांधाचा किस्सा सांगितला का तुम्हाला? पुरात नदीकाठचे बांध का फुटतात हे बघायला अंधेरीच्या आमच्या लॅबमध्ये त्याने काचेच्या टाकीत छोटा बांध थापला. मी आधीच सांगितलं होतं, पाणी वरून नाही, खालच्या वाळूतून घुसणार.

कॅमेरा लावून पाणी चढवलं आणि खरंच, पायथ्याशी बुडबुडे! तेवढ्यात प्रसादने अंगठा दाबून भोक बंद केलं.

"अरे, काय करतोयस? फुटू दे ना!"

"अगं, फुटत होता यार!"

प्रयोगाची वाट लागली. दुसऱ्या वेळी मी त्याच्या दोन्ही हातांत चहाचे भरलेले कप दिले. बांध झकास फुटला, खालूनच. आणि प्रसाद मागून ओरडतोय, "अरे, कप धरा रे कोणीतरी!"