काळी तीनचा गळा

माझं माहेर उमरीचं, नांदेड जिल्ह्यातलं, आन् सासर हे लातूर, पण तुम्ही मॅन्डोलिनचं इचारायला आलात म्हून आधी उमरीचंच सांगावं लागंल, कारण हाताला ती तार लागली ती तिथंच. माझं नाव सुमन. आमचे आबा, म्हंजी माझे वडील, कापसाच्या जिनिंगात कामाला होते, दिवसभर नाकातोंडात ती पांढरी धूळ, पण घरी येऊन आंघोळ केली, धुतलेला सदरा घातला की आबा म्हंजी गायक. त्यांची गायनपार्टी होती, भीमगीतं गायचे, बुद्धगीतं गायचे, जयंतीच्या महिन्यात तर आबा आम्हाला दिसायचेच न्हाईत, आज या गावाला, उद्या त्या गावाला. आबांचा गळा काळी तीनचा. आता हे तुम्हाला कळंल का न्हाई, पेटीवर काळ्या पट्ट्या असतात बघा, त्यातली कोणची पट्टी धरून गायक गातो त्यावर त्याचा सूर ठरतो, काळी एक म्हंजी खालचा, काळी तीन म्हंजी लई चढा. लाउडस्पीकर बंद पडला तरी शेवटच्या माणसाला शब्द ऐकू जायचा. खेड्यापाड्यात लोक त्यांना नावानं वळखतच नव्हते, काळी तीनवाले आले म्हणायचे, आन् आबांना त्याचा लई अभिमान, गुळण्या करायचं पाणी कोमट नसलं तर आईची काही खैर नसायची.

पार्टीत पेटीवर मारुतीकाका, आबांचे लंगोटीयार. मॅन्डोलिनवाला एक होता तो कामधंद्याला पुण्याला गेला आन् त्याचं जुनं मॅन्डोलिन आमच्या घरी राहिलं. एवढंसं असतं ते, पोटाशी धरून वाजवायचं, आठ तारा, दोन-दोनच्या चार जोड्या, पण आवाज असा किणकिणता की ढोलकीतूनही वर येतो. मी तवा अकरावीला. आबा कामावर गेले की मी ते खुंटीवरून काढायची आन् छेडत बसायची, एकदा आबांनी बघितलं, मला वाटलं आता मार खाते, तर आबा म्हणाले असं न्हाई, शिकायचं तर नीट शीक, चल तुला मास्तरकडं नेतो.

मास्तर म्हंजी करीम मास्तर, नांदेडला इतवारा मोहल्ल्यात राहायचे. कव्वालीत वाजवून वाजवून म्हातारे झालेले, लग्नसराईत बँडमध्ये वाजवायचे, बाकी दिवस साज, म्हंजी वाद्यं, दुरुस्त करायचे. काय सांगू तुम्हाला, पहिल्या दिवशी आम्ही पॅसेंजर गाडीनं गेलो, मला वाटलं आता हे मला बोटं ठेवायला शिकवतील, तर मास्तरनी माझ्याकडं बघितलंच न्हाई, म्हणाले कोणचं गाणं वाजवायचं तुला, मी आबांचं एक गाणं सांगितलं, म्हणाले बोल पूरा. म्हंजी गाऊन न्हाई, नुसतं बोलून दाखव. मी दोन कडवी बोलले आन् तिसऱ्याला अडकले. मास्तर म्हणाले जा, पाठ करून ये. इतकंच. आबा म्हणाले मास्तर, तिला गायचं न्हाई, वाजवायचं हाय, तर मास्तर म्हणाले,

बोल नै मालूम तो चुप कब बैठना, कैसा समझती?

त्यांची तालीमच तशी. गाण्याचे बोल पाठ झाल्याबिगर साजाला हात न्हाई. पुढं दोन वर्षं मी दर रविवारी उमरीहून नांदेडला गेले, बोटांची टोकं फाटायची, चटणीभाकर खाल्ली की आग व्हायची, मास्तरची घरवाली हळद लावून द्यायची आन् मास्तर म्हणायचे लावा लावा, पुढच्या रविवारी पुन्हा फाटतील. गायक गात असला की हलकं वाजवायचं, त्याच्या पाठीमागून, तो दम घ्यायला थांबला की तिथं आपला तुकडा वाजवायचा, तो आला की आपण पुन्हा मागं. हे एवढंच मास्तर दोन वर्षं शिकवत होते. मला वाटायचं हे तर कवाच आलं, आता पुढचं काही शिकवा की.

मी पार्टीत वाजवायला लागले. बाई मॅन्डोलिन वाजवती म्हून लोक बघायलाच यायचे, खोटं कशाला बोलू, मला ते आवडायचं. आन् त्याच वक्ताला आबांचा गळा जायला लागला. जिनिंगच्या धुळीनं म्हणा, वयानं म्हणा, वरच्या सुराला गेले की आवाज फाटायचा, खरखर यायची. आम्हाला घरात सगळ्यांना कळत होतं, पण कोण बोलणार.

त्या वर्षी जयंतीला शेजारच्या गावात कार्यक्रम होता, मांडव भरलेला. आबांनी वरची ओळ घेतली आन् आवाज फाटला. मला काय वाटलं, मला वाटलं माझ्या बापाची इज्जत चालली, मी काय केलं, त्या जागी जोरात वाजवलं, अशी भरून टाकली ती जागा की फाटलेलं कुणाला ऐकूच जाऊ नये. पुढच्या ओळीला तेच, त्याच्या पुढं तेच. लोकांनी टाळ्या वाजवल्या, शिट्ट्या वाजवल्या, वन्स मोर म्हणाले, पण मला म्हणाले, आबांना न्हाई. आबा मधेच थांबले. माझ्याकडं बघून हसले, हातानं वाजव वाजव म्हणाले आन् बाजूला जाऊन बसले. घरी आल्यावर आईला म्हणाले, माझं गाणं झालं आता. त्या दिवसापासून कार्यक्रमाची जी सुपारी येईल ती परत. सदरा ट्रंकेत गेला.

मी येडी, मला वाटलं मी आबांना वाचवलं. रविवारी मास्तरला मोठ्या फुशारकीनं सांगितलं. मास्तरनी सगळं ऐकून घेतलं, माझ्या हातातलं मॅन्डोलिन काढून घेतलं, फडक्यानं पुसलं आन् बाजूला ठेवलं. म्हणाले, बेटा, तेरे बाप का गला फटा, लोगां सुन लेते थे, बीस साल से सुनरे थे वो लोगां. तू कायकू उसके आगू जाके खडी हुई? मी रडायला लागले. मंग मास्तर म्हणाले दोन महिने इकडं येऊ नको, साज इथंच राहू दे, घरी बापापाशी बस आन् ऐक. मी म्हणाले ते तर गातच न्हाईत, काय ऐकू. म्हणाले, गानेवाला गाये बगैर रैता क्या.

आन् खरंच बाई, राहत नव्हते. मी ऐकतच नव्हते आजवर. रविवारी आबा बाज विणायला बसायचे, सुतळी ओढता ओढता गुणगुणायचे, त्यांना कळायचंही न्हाई आपण गायलोत. आन् त्या गुणगुण्यात खरखर नव्हती. आवाज कसा भरदार, पिकलेला, असा आबांचा आवाज मी कवा ऐकलाच नव्हता. मी पळत मारुतीकाकाच्या घरी गेले, पेटीवर सूर शोधला, तर काळी एक. आबा खाली उतरून गायले तर अजून दहा वर्षं गातील, हे माझ्या ध्यानात आलं. मी येऊन सरळ आबांना सांगितलं, आबा, काळी एकमधून गा की. लई भडकले. मी काय म्हातारा झालो का, काळी तीनवाले म्हणतात मला लोक, मेल्यासारखं गाण्यापेक्षा न गायलेलं बरं. दोन दिवस माझ्याशी बोलले न्हाईत.

मंग काय झालं, आबांची गाणी लिवणारे एक शाळेतले गुरुजी होते, ते वारले. त्यांचं पुण्यानुमोदन ठरलं, म्हंजी आमच्यात गेलेल्या माणसाच्या नावानं कार्यक्रम करतात तो, आन् त्यांच्या बायकोचा निरोप आला, आबांना म्हणावं एकच गाणं म्हणा, त्यांनी तुमच्यासाठीच लिवलं होतं. त्याला आबा न्हाई म्हणू शकले न्हाईत, पण चेहरा असा झाला की बघवत नव्हता, गुरुजीच्या फोटोपुढं गळा फाटला तर काय, हीच त्यांना फिकीर. मी नांदेडला गेले. मास्तरला म्हणाले आबांना न सांगता आपण पट्टी उतरवली तर. मास्तर म्हणाले, मेरेकू नक्को पूछ, तेरा बाप है. ते चांगलं म्हणाले न्हाईत आन् वाईटही म्हणाले न्हाईत. पण उठून त्यांनी माझ्या मॅन्डोलिनच्या आठी तारा काढल्या, जाड तारा घातल्या आन् खालच्या सुरात लावून दिल्या, म्हंजी माझी बोटं त्याच जागी पडतील, आबांनी बघितलं तरी त्यांना वेगळं दिसू नये. मारुतीकाका आधी तयार नव्हते, म्हणाले यारासोबत दगाबाजी करायला लावतीस का, मंग स्वतःच म्हणाले, मी पेटी जरा तिरपी ठेवतो, त्याला पट्टी दिसायची न्हाई.

भर दुपारी होता कार्यक्रम, गुरुजीच्या अंगणात. मारुतीकाकांनी काळी एक धरली, मी तार छेडली, आबांनी डोळे मिटले आन् सूर लावला.  आबा क्षणभर थांबले, मला वाटलं आता उठतात, तर न्हाई, त्यांनी पहिली ओळ म्हणली आन् तो बाजेवरचा आवाज आला. अख्खं गाणं मी मागं राहिले. एका जागी आबा थांबले, गुरुजीचं नाव होतं त्या ओळीत, लई वेळ थांबले, माझी बोटं जायलीच होती तारेवर, मी ती दाबून धरली, काही वाजवलं न्हाई. मंग आबांनी ती ओळ घेतली. लोक रडायलेले, आबा पण. टाळी कुणी वाजवली न्हाई, पुण्यानुमोदनात कोण वाजवतंय.

त्यानंतर आबा अकरा वर्षं गायले. माझं लगीन झालं, मी इकडं लातूरला आले, तरी जयंतीला उमरीला जायची वाजवायला. पट्टीचं कुणी कवा काढलं न्हाई. लोक काळी तीनवालेच म्हणायचे, आबा मान डोलवायचे. मला मात्र रुखरुख, आपण बापाला फसवून राहिलो.

शेवटी आबा आजारी पडले, दवाखान्यासाठी लातूरला माझ्याच घरी होते. एका दुपारी मी त्यांना पेज भरवत होते, तर मधेच म्हणाले, सुमे, गुरुजीच्या पुण्यानुमोदनाला तुझ्या मॅन्डोलिनच्या तारा जाड होत्या. मी चमचा वाटीत ठेवला. मी म्हणाले आबा, कळलं होतं तर बोलला का न्हाईत एवढी वर्षं?

आबा म्हणाले, बोललो असतो तर मला पुन्हा काळी तीनला जावं लागलं असतं.

पंधरा दिवसांनी आबा गेले. मास्तर त्याच्या आधीच वारले होते, न्हाईतर मी पहिली गाडी धरून नांदेडला गेले असते सांगायला. मी अंगणवाडीत हाय, आता रिटायर व्हायला आलेय, औशाला न्हाईतर किल्लारीकडं कार्यक्रम असला की जाते, बोटं आखडतात पण जाते. आता सगळीकडं कीबोर्ड, त्याला बटणच असतं, दाबलं की सूर खाली, पोरं हसत हसत दाबतात, त्यात कुणाला कमीपणा वाटत न्हाई, बरंय त्यांचं. आमच्या वक्ताला ते बटण असतं तर हे काहीच घडलं नसतं, कवाकवा मनात येतं. जाऊ द्या. तुम्ही एवढ्या लांबून आलात, बसून ऐकलंत, सुखी राहा. लिवायचं ते सगळं लिवा, मी फसवलं ते बी लिवा. पण नाव लिवताना काळी तीनवाले असंच लिवा.