अनवाणी माणसाचा माग

साटमच्या भरवशावर मी जंगलात का जात नाही, ते ऐका. त्र्याऐंशी साल असेल. ऑफिसातले आम्ही तिघं, साटम, प्रधान आणि मी, फुलपाखरं बघायला बोरिवलीच्या जंगलात शिरलो. नवरात्र चालू, म्हणून साटम अनवाणी. त्यात शिरल्या शिरल्या त्याच्या टाचेत काटा मोडला, तरी गडी लंगडत पुढेच. दुपारपर्यंत झकास चाललं होतं, मग वाट चुकलो. ऊन उतरायला लागलं आणि प्रधान सारखा बिबट्याचंच काढत होता.

तेवढ्यात मला चिखलात अनवाणी पावलं दिसली.

"अरे, ही पाड्यावरच्या माणसाची," साटम म्हणाला. " यांच्या मागे गेलो की पाडा आलाच."

आमच्या जिवात जीव आला. किती वेळ त्या पावलांमागे चाललो, पण ना झोपडी, ना कुत्र्याचं भुंकणं. आता झाडांखाली नीट दिसेनासं झालं होतं. साटम वाकून पावलं बघायला लागला आणि हळहळला.

"बिचाऱ्याची डावी टाच कुठेच टेकलेली नाही रे. याच्याही पायात काटा मोडलेला दिसतोय."

प्रधान जागच्या जागी थांबला.

"साटम," तो हळूच म्हणाला, "तुझा पाय ठेव बघू त्यावर."